डबी लावायची कुठं?

"काकू, ऐकलंत का? धाकट्या भावजींनी लेस्टरहून पार्सल पाठवलंय. सासूबाई चॉकलेटच्या आशेनं बसल्या होत्या, आणि निघाली काय, तर ही पांढरी डबी! कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म म्हणे."

"अगं, गुणाचा दीर आहे! तिकडं २०२२च्या ऑक्टोबरपासून कायदाच आहे, खोलीत गॅसचा बॉयलर असला तर घरमालकानं भाडेकरूला हा अलार्म लावून द्यायचाच. लावलास कुठं?"

"हे म्हणतात, बाथरूममध्ये, गीझरशेजारी."

"छे! वाफेनं बिघडेल तो."

"पण काकू, गॅस गळला तर वास येतोच की."

"तो सिलिंडरचा. त्यात वास मुद्दाम घातलेला असतो. हा वायू जळण अर्धवट जळलं की होतो. ना वास, ना रंग. रक्तात प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं. माणूस म्हणतो पित्त झालं, आणि जरा पडतो. तिथंच घात! त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात काय झालं, ठाऊक आहे ना?"

"नाही बाई! काय झालं?"

"बाळंतिणीला शेकायला कोळशाची शेगडी, आणि वारं लागेल म्हणून खिडक्यांना चादरी. पोर गरगरून पडली. आई म्हणे, अशक्तपणा आहे, डिंकाचा लाडू खा! कामवाली शहाणी, तिनं धाडकन खिडक्या उघडल्या आणि दोघींना अंगणात आणलं. लगेच डॉक्टरकडं नेलं म्हणून निभावलं."

"अगं बाई! मग डबी खाली लावू का, जमिनीलगत?"

"खाली सिलिंडरच्या गॅसचा अलार्म, कारण तो गॅस हवेपेक्षा जड. हा हवेत मिसळून सगळीकडं पसरतो. तुम्ही सगळे वर निजता ना? मग वरच्या पॅसेजमध्ये, खोल्यांच्या दारांशी लाव. झोपेत ऐकू आला पाहिजे. भिंतीवर लावलास तर दाराच्या चौकटीपेक्षा उंच, छतापासून वीतभर खाली. छताला लावलास तर भिंतीपासून फूटभर आत. पडद्यामागं, पंख्याखाली, खिडकीशी नको. आणि शोभेच्या कपाटात तर नकोच नको!"

"सासूबाईंनी तीच जागा काढलीय!"

"वाटलंच मला! दर आठवड्याला बटण दाबून बघ. मागं तारीख छापलेली असते, ती उलटली की डबी बदलायची. खरंच वाजला तर दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि सगळे बाहेर."

"म्हणजे आता काळजी मिटली."

"कुठली मिटली? गीझर बाथरूमच्या आतच आहे ना? झरोक्यालाही तुम्ही डासांसाठी प्लॅस्टिक ठोकलंय, इथून दिसतंय मला. अलार्म पॅसेजमध्ये कोकलेल, आणि तुझे अहो आत कडी लावून गाणी म्हणत असतील! आधी ते प्लॅस्टिक काढ. मग गीझर नि सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत. आत नुसता गरम पाण्याचा नळ."

"हे खर्चाला कुरकुरतील हो."

"कुरकुरू देत. प्लंबर आत्ता माझ्याकडंच टाकीवर चढलाय. उतरला की तसाच तुझ्याकडं पाठवते. आणि सासूबाईंसाठी चॉकलेट घेऊन जा माझ्याकडून, त्याशिवाय कपाट सोडायच्या नाहीत त्या!"