अब्रूचा बोरघाट

मुंबईहून पुण्यावर चालून गेलेल्या एका मोठ्या जथ्याची इतिहासात नोंद आहे, पण मुंबईकरांना तिचा अभिमान वाटावा असं तीत काही नाही. १७७८ च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीची फौज राघोबादादांना बरोबर घेऊन निघाली. तोफा, दारूगोळा, साहेबांचं सामानसुमान आणि हे सगळं ओढायला हजारो बैल, असा तो लवाजमा बोरघाट चढताना इतका रेंगाळला की पुण्याला तयारीसाठी हवा तेवढा वेळ मिळाला. जानेवारीत मंडळी कशीबशी तळेगावला पोचली, पुढचा रंग पाहून मागे फिरली आणि वडगावला कोंडली जाऊन तह करून मोकळी झाली. शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या अलीकडे इंजिन बंद करून बसलेल्या मुंबईकराला हा प्रसंग सांगितला, तर त्याला त्या फौजेच्या कर्नल एगर्टनबद्दल आपुलकीच वाटेल. त्याआधी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती आणि कोटाभोवती खंदक खणायचं घाटत होतं. म्हणजे या दोन शहरांना एकमेकांची खरोखरीची भीती होती, असाही एक काळ होऊन गेला. आता भीती उरलेली नाही, मुलूखही कुणाला जिंकायचा नाही. उरलंय ते भांडण अब्रूचं, आणि मुलखाच्या भांडणासारखं ते तहाने मिटत नाही.

या भांडणातले आरोप आता इतके पाठ झालेत की ते करणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला रागही येत नाही. पुण्याच्या मते मुंबईला पैसा आहे पण चव नाही, गर्दी आहे पण माणसं नाहीत. मुंबईच्या मते पुण्याला मत आहे पण काम नाही, आणि वेळ तर इतका आहे की तो घालवण्यासाठी दुसऱ्यांच्या चुका काढाव्या लागतात. लढण्याची रीतही ज्याची त्याची. पुणेकर मुद्दे काढतो, दाखले देतो, इसवी सन सांगतो. मुंबईकर ‘असेल बुवा’ म्हणून घड्याळाकडे बघतो. पुण्याशी आपली काही स्पर्धा आहे हेच मुंबई कबूल करत नाही, आणि पुण्याला सर्वांत जास्त झोंबतं ते हेच. पण दोन्ही बाजूंचं सगळं ऐकून घेतल्यावर एक गोष्ट लक्षात येते. वाद आजच्या शहरांबद्दल चाललेलाच नसतो. पुण्याला कुणे एके काळी पेन्शनरांचं शहर म्हणत. आता पेन्शनवर आहे ती शहराची अब्रू, आणि मुंबईचीही. कधी काळी कुणीतरी नोकरी इमानेइतबारे केली, तिचं निवृत्तिवेतन दोन्ही शहरं दर महिन्याला काही न करता उचलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या वेतनावर जगायची सवय लागल्यामुळे दोघांनीही हातपाय हलवणं सोडलंय, आणि त्याचा खरा फायदा पुणेकराला होत नाही की मुंबईकराला. तो होतो दोन्हीकडच्या महापालिकांना.

आधी मूळ नोकरी कोणी केली ते पाहू, कारण तिथेच हिशेबाचा घोळ आहे. विद्येचं माहेरघर हे पुण्याचं जुनं बिरूद. पण मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये आणि पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९४९ मध्ये. मधल्या नव्वदेक वर्षांत टिळक, आगरकर, गोखले यांच्यापासून पुण्याने जे पदवीधर मिरवले, त्यांच्या पदव्यांवर नाव मुंबई विद्यापीठाचं होतं. उलट राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन मुंबईत भरलं याचा मुंबईला अभिमान. ते भरायचं होतं पुण्यात. १८८५ च्या डिसेंबरात पुण्यात पटकी पसरली म्हणून ऐन वेळी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावं लागलं. मराठी वृत्तपत्रांचं तेज पुण्याच्या ‘केसरी’चं, १८८१ पासूनचं, पण ‘दर्पण’ निघालं ते मुंबईतून, १८३२ मध्येच. सार्वजनिक गणपती पुण्याचा म्हणावा, तर गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सवही १८९३ चाच. आणि पुण्यात तो टिळकांनी सुरू केला की भाऊसाहेब रंगारींनी, याचा निकाल अजून पुण्यालाच लावता आलेला नाही. खुद्द टिळक पुण्याचे खरे, पण त्यांनी देह ठेवला मुंबईच्या सरदारगृहात आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले गिरगाव चौपाटीवर. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातून पुण्याला आली, तिच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि तिथे शिकून तयार झालेले नट-दिग्दर्शक पोटासाठी मुंबईची गाडी पकडू लागले. अशा परिस्थितीत कोणतं पुण्य कोणाच्या खात्यावर जमा करायचं? ज्या इभ्रतीसाठी भांडायचं तीच मुळात सामायिक आहे.

आता आजचं शहर पाहू. मुंबईबद्दल पुण्याची सर्वांत जुनी तक्रार वाहतुकीची. टॉमटॉम नावाची कंपनी दर वर्षी जगभरच्या शहरांतल्या कोंडीची क्रमवारी लावते. २०१९ च्या यादीत मुंबई चौथी होती आणि पुणे पाचवं. २०२४ च्या यादीत पुणे चौथं आलं आणि मुंबई बरीच खाली सरकली. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, त्या ‘चौथ्या सीट’चं मोल मुंबईकराला पक्कं ठाऊक असतं, ती त्याने पुण्याला इतक्या उदारपणे देऊन टाकली, तरी पुण्याने आभार मानल्याचं ऐकिवात नाही. त्याच यादीनुसार पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती तेव्हा चांगल्या मांड्यांचा सायकलस्वारही याच्या आसपास पोचत असणार, तेही पेट्रोल न जाळता. २०१८ च्या सुमारास पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्यापुढे गेल्याच्या बातम्या आल्या. २०२१ मध्ये २३ गावं पोटात घेऊन पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठी झाली. आणि १ ते ४ च्या वामकुक्षीवर ज्यांच्या नावाने निम्मे विनोद होते, त्या चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं. एक दुकान उघडं राहणार याची बातमी व्हावी, हे मात्र पुण्यातच घडू शकतं. तिकडे मुंबईचं काय? कष्टकऱ्यांचं शहर हा तिचा मान. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो मान मिळवून देणारी माणसं हळूहळू बाहेर फेकली गेली, आणि जिथे भोंगा वाजायचा त्या फिनिक्स मिलच्या आवारात आता लोक ऐपतीबाहेरची कॉफी पितात. विनोद मात्र अजून निवांत पुण्याचे आणि राबत्या मुंबईचेच चालू आहेत.

यावर कोणी म्हणेल, आकडे बदलले तरी शहराचा स्वभाव जात नाही. स्वभाव असतो हे मलाही मान्य आहे. पण तो येतो कुठून? पेठेतला दुकानदार वाड्यात खाली धंदा करायचा आणि वर राहायचा. दुपारी जिना चढून गेलं की गरम जेवण आणि उशी तयार. अशा माणसाने १ ते ४ दुकान बंद ठेवलं तर तो बाणा नव्हे, भूगोल आहे. तोच माणूस आता कोथरूडहून येतो. त्याला दुपारी घरी जायचं तर रस्त्यातच चार वाजतील. म्हणून दुकान उघडं. मुंबईकराची घाई तशीच. ८.१२ ची फास्ट चुकली तर ८.१६ मिळते, पण तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. दाराशी कुठल्या हाताने दांडी धरायची, कोणत्या स्टेशनला कोणत्या बाजूला सरायचं, बसलेल्याला भुवईच्या नुसत्या हालचालीने ‘कुठे उतरणार’ कसं विचारायचं आणि त्याच्या जागेवर आपला रुमाल आधी कसा पोचवायचा, हे सगळं ज्याला रोज सकाळी करावं लागतं, तो माणूस संध्याकाळी फुरसतीने गप्पा कशाला मारील? त्याच माणसाला हिंजवडीत नोकरी द्या, सहा महिन्यांत तो कोंडीत गाडी बंद करून समोरच्याच्या नंबरप्लेटवरचं व्याकरण तपासू लागेल. स्वभाव शहराच्या मातीत नसतो, शहराच्या सोयी-गैरसोयींत असतो. सोयी बदलल्या की स्वभाव बदलतो. फक्त त्याची कीर्ती बदलायला पन्नास वर्षं जास्त घेते.

आणि ही पन्नास वर्षंच महापालिकेच्या पथ्यावर पडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी नावाची नदी मुंबईत आहे, हे कित्येकांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर प्रश्न विचारायला हवे होते ते नदीच्या पात्रात कोणी काय बांधलं याचे. कौतुक झालं ते मुंबईच्या ‘स्पिरिट’चं. दुसऱ्या दिवशी चालत कामावर गेलेल्या माणसाला पोटासाठी जावं लागलं होतं, पण त्याच्या नावावर शौर्य लिहिलं आणि विषय मिटला. पुण्याला यावर हसण्याची सोय नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं वाहून गेली. एरवी इंचभर चुकलेल्या पार्किंगवर चार ओळींची पाटी लिहिणाऱ्या या शहरात, ओढा अरुंद होत असताना त्याच्या काठावर ‘येथे बांधकाम केल्यास अपमान करण्यात येईल’ अशी पाटी कोणी लावली नव्हती. मुंबई स्पिरिटवर खूश, पुणं बाण्यावर खूश. दोघांची कीर्ती जितकी वेगळी, तितकीच दोघांची बुजलेली पात्रं सारखी. मुंबईकराला खड्ड्याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, ‘आम्हाला सवय आहे.’ पुणेकर म्हणतो, ‘मुंबईपेक्षा बरे आहेत.’ दोन्ही उत्तरं ऐकून रस्ते विभागाचा अभियंता निश्चिंतपणे जेवायला जातो.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी गंमत आहे, ती एवढ्या गंभीरपणे घेऊ नये. गंमत असती तर माझी तक्रार नव्हती. पण २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिलं आलं, तेव्हाचा पुण्याचा चेहरा आठवा. मुंबई तिसरी होती आणि मधे नवी मुंबई होती. म्हणजे खाडी ओलांडली की मुंबई सुधारते, हे सरकारनेच सांगितलं होतं. पुढच्या फेरीत बंगळूर पहिलं, पुणे दुसरं आणि मुंबई दहावी. तेव्हा पुण्याला निकषांत खोट दिसली आणि मुंबईने नेहमीप्रमाणे निकाल वाचलाच नाही. पाणी किती तास येतं, कचरा कुठे जातो, बस किती मिनिटांनी मिळते, याची उत्तरं त्याच निर्देशांकाच्या पोटात होती. पण क्रमांक कळल्यावर पुढे वाचायचं कशाला? या सगळ्या प्रकाराकडे नागपूर गालातल्या गालात हसत पाहत असतं. प्रत्यक्ष राजधानीपण हातचं गेलेल्या शहराला, हिवाळी अधिवेशनापुरतं भाड्याने मिळणारं महत्त्व काय असतं ते कळतं. नुसत्या नावासाठी भांडणाऱ्यांची त्याला गंमत वाटणारच.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे. शहराचा अभिमान नसेल तर माणूस शहरासाठी काही करणार कशाला? बरोबर. पण अभिमान सर्वांत कडक कोणाचा असतो ते पाहावं. लातूर-नांदेडहून शिकायला आलेला मुलगा दोन वर्षांत सदाशिव पेठेपेक्षा सदाशिवपेठी बोलू लागतो. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेला माणूस डोंबिवलीत राहून ‘आमच्या मुंबईत’ म्हणतो, आणि मूळ गिरगावकर विरारला जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात. नव्याला शहराची तयार कीर्ती हवी असते, कारण शहरात घर मिळण्याआधी तीच मिळते, आणि तिला डिपॉझिट लागत नाही. यात त्याचा दोष नाही. दोष इतकाच की कीर्ती अंगावर घेतली की शहर आपलं झालं असं त्याला वाटतं, आणि प्रभागाचा नगरसेवक कोण हे विचारायचं राहून जातं. शिवाय हे दोन्ही पक्ष म्हणतात तितके लांबही नाहीत. १ जून १९३० पासून धावणारी दख्खनची राणी पुण्यात राहून मुंबईत कमावणाऱ्यांना रोज सकाळी खाली उतरवते आणि संध्याकाळी वर चढवते. तिचा वाढदिवस ते स्टेशनवर केक कापून साजरा करतात. सकाळी कर्जतपर्यंत ते पुणेकर, दुपारी बोरीबंदरला मुंबईकर. त्यांना कोणाची बाजू घ्यायला सांगणार?

म्हणून माझा उपाय भांडण मिटवण्याचा नाही. ते मिटवलं तर दोन्ही शहरांत संध्याकाळी बोलायला काय उरेल? बदलावा तो विषय. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आहे, पुण्याचा १२,६१८ कोटींचा. एका कोटीत कोणी किती लांबीचा, न तुटलेला आणि दुचाकी न चढणारा फुटपाथ दिला, यावर एकदा कडाडून भांडावं. कोणाचा नाला पावसाआधी साफ झाला आणि कोणाचा फक्त कागदावर, यावर दाखले आणि सनावळ्या काढाव्यात. पुण्याला त्याची सवय आहेच. त्यासाठी दोघांनी आपापला नावाजलेला गुण थोडा सरकारी कामात वळवावा. पुण्याची खवचट पाटी क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लागली आणि मुंबईची ८.१२ ची घाई नालेसफाईच्या कंत्राटदाराला लागली, तर दोन्ही शहरांच्या अब्रूला पेन्शन सोडून पुन्हा पगार मिळू लागेल. तोवर पहिलं कोण हा वाद चालू राहायला हरकत नाही. फक्त तो दर वर्षी पाणी ओसरायची वाट न पाहता, मे महिन्यातच घालावा.