नोटेच्या पाठीवरचा देश

कॅशियर काकांच्या हाताखालून सगळी नोकरीभर देश गेला, पण तो पालथा. गड्डी मोजताना गांधीजी वर आणि सगळे एका दिशेला, हा काउंटरचा नियम. त्यामुळे ओल्या स्पंजाला बोट लावून दिवसाकाठी लाखो रुपये मोजणाऱ्या या माणसाला नोटेच्या मागं काय छापलंय हे कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

असा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. कुठं तो पोस्टातून निवृत्त झालेला असतो, कुठं एलआयसीतून, कुठं शाळेतून. निवृत्तीनंतर तो बागेत चालायला जात नाही, भजनी मंडळात जात नाही; तो देश बघायला निघतो. आणि नुसता निघत नाही, पद्धतशीर निघतो. आपला काका बँकेतला, म्हणून त्याची पद्धतही बँकेतलीच.

२०१६च्या नोव्हेंबरात जुन्या पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. बँकेबाहेर रांगा लागल्या, काकांची मान मोडली, आणि त्या गर्दीत एके दिवशी नव्या पाचशेच्या नोटेची पाठ त्यांना प्रथमच नीट दिसली: लाल किल्ला. पुढच्या वर्षी पन्नासवर हंपीचा रथ आला आणि दोनशेवर सांचीचा स्तूप. २०१८ साली दहावर कोणार्कचं चाक, शंभरावर पाटणची राणीची वाव. २०१९ मध्ये वीसवर वेरूळ. काकांनी सहाही नोटा काचेखाली उलट्या मांडल्या आणि शेजारच्या काउंटरला जाहीर केलं, "रिझर्व्ह बँकेनं आयटिनररी काढलीय. आपण फक्त तिकिटं काढायची."

काकांनी तोवर देश पाहिला नव्हता असं नाही. बँकेत एलएफसी नावाची सोय असते. ब्लॉक पडला की सहकुटुंब जायचं, भाडं बँक देते. न जाता रक्कम घ्यायचीही मुभा असते. अशी एनकॅश करणाऱ्यांना काका 'घरबसले काश्मीरकर' म्हणत. पण काकांच्या एलएफसीचं गणित किलोमीटरवर चालायचं. जितकं लांब, तितकं पदरात जास्त. म्हणून कन्याकुमारी झाली, जम्मू झालं, गुवाहाटी झालं. देशाचे सगळे कोपरे पाहून झाले आणि मधला देश राहून गेला. आपल्याकडच्या बऱ्याच नोकरदारांचा भारत असाच आहे, कडेकडेनं पाहिलेला.

मुलगा न्यू जर्सीत. तो दर दिवाळीला फोनवर म्हणतो, "बाबा, तुम्ही दोघं युरोप करून या, पैसे मी देतो." काकांचं उत्तर ठरलेलं. युरोच्या नोटांवर जे पूल आहेत ते मुळात कुठंच नव्हते. कुठल्याच देशाला वाईट वाटू नये म्हणून चित्रकारानं मनानं काढले. पुढं नेदरलँड्समधल्या एका गावानं नोटा बघून ते पूल हौसेनं बांधले! "म्हणजे आधी नोट, मग पूल," काका म्हणतात. "आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं आधी माल, मग पावती."

निवृत्ती आणि साठी एकदमच आली, आणि तिथंच नियतीनं डाव साधला. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना चाळीस टक्के आणि बायकांना पन्नास टक्के सवलत होती. काका तिची वाट काही वर्षं पाहत होते. सवलत मिळू लागली आणि २०२०च्या मार्चमध्ये ती थांबली. करोना गेला, गाड्या सुरू झाल्या, सवलत काही परतली नाही. काकांनी हे दुःख पचवलं, पण तिकीट काढताना जन्मतारीख टाकायची वेळ आली की त्यांचा चेहरा अजून पडतो. आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते साठ दिवसांवर आलं. त्यातही काकांना अर्धी मुदत बुडाल्यासारखं वाटतं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि काका पावणेआठपासून आंघोळ करून संगणकासमोर बसतात. दोन खालचे बर्थ मिळाले की मगच चहा.

काकूंची तयारी वेगळी. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, बेसनाचे लाडू. "जगन्नाथाचा महाप्रसाद आहे की तिकडं," काका म्हणतात. "पुरीपर्यंत पोचायला नको का?" काकू म्हणतात.

कोणार्क त्यांनी नाताळच्या सुट्टीत केलं, आणि तिथल्या गाइडना काका अजून आठवत असावेत. तेराव्या शतकात गंग घराण्यातल्या पहिल्या नरसिंहदेवानं बांधलेलं हे सूर्याचं मंदिर म्हणजे चोवीस चाकांचा दगडी रथ. मुख्य शिखर कधीच पडलं. समोरचा जगमोहन तरी पडू नये म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वाळूनं भरून बंद केला. काकांना हे फार पटलं. "स्ट्राँगरूम सील केली," एवढंच बोलून त्यांनी आधी खिशातली दहाची नोट चाकासमोर धरली आणि आरे मोजले. आठ जाड, आठ बारीक. नोटेवर आणि दगडावर हिशेब जुळला.

मग गाइडनं त्याचा हुकमी प्रयोग केला. आसावर बोट धरलं, सावली चाकाच्या कडेवर पडली आणि तो म्हणाला, "देखिए, दस बजकर पंद्रह मिनट." पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मनगटावरच्या एचएमटीत पाहिलं. दहा वाजून एक मिनिट. ही एचएमटी त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालेली. कंपनीचं घड्याळ बनवणं बंद झालं, हे घड्याळ चालू आहे. "पंधरा नाही, एक," काका म्हणाले. गाइड म्हणाला, साडेसातशे वर्षांचं घड्याळ आहे साहेब. काका म्हणाले, "हमारा भी चाळीस साल का है."

इथं दुसरा कुणी असता तर भांडून मोकळा झाला असता. काका हॉटेलवर आले आणि वहीत गणित मांडून बसले. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. कोणार्क त्याच्या पूर्वेला साधारण साडेतीन अंश. अंशाला चार मिनिटं, म्हणजे कोणार्कचा सूर्य घड्याळाच्या चौदा मिनिटं पुढं. दोन्ही घड्याळं बरोबर होती! दुसऱ्या दिवशी काका पुरीहून पस्तीस किलोमीटर परत गेले, गाइडला गाठलं आणि वही दाखवली. गाइडला रेखांशात रस नव्हता. पण भर गर्दीत कुणी आपली चूक नसल्याचं सांगायला परत येतं, हे त्याच्या धंद्यात नवं असावं. त्यानं दोघांना स्वतःच्या पैशानं नारळपाणी पाजलं. काकांनी खर्चाच्या वहीत लिहिलं, 'नारळपाणी दोन, शून्य रुपये.' रात्री कॅश टॅली झाल्याखेरीज या माणसाला झोप येत नाही.

हंपीत सगळेच रथासमोर पन्नासची नोट धरतात, त्यामुळे तिथं काकांचं वेगळेपण उठून दिसलं नाही. जरा खट्टू होऊन त्यांनी मागच्या रांगेतल्या पोरांना दाखवलं, की रथापुढचे हत्ती नंतर आणून बसवलेले आहेत, मूळचे घोडे होते. विठ्ठल मंदिरात काकू मात्र कितीतरी वेळ थांबल्या. कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती इथं नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा त्यांनी लहानपणी कीर्तनात ऐकलेली. "एवढं मोठं देऊळ सोडून तो आपल्याकडं आला," त्या म्हणाल्या. काकांना पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही.

लाल किल्ल्यात ते सुचलं, आणि नको इतकं सुचलं. दिवाण-ए-खासमध्ये गाइड सांगत होता, की मयूरासन १७३९मध्ये नादिरशहानं नेलं. लोक हळहळले. एवढ्यात काका अभिमानानं म्हणाले, "और छत हमारे भाऊसाहेबने निकाला." खरंच आहे ते. १७६० साली दिल्ली मराठ्यांच्या हातात आली तेव्हा सदाशिवरावभाऊंनी इथलं चांदीचं छत उतरवून वितळवलं आणि त्याचे रुपये पाडले. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं.

"अहो, यात सांगण्यासारखं काय आहे?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, फौजेचा पगार थकला होता. पेमेंट अर्जंट होतं."

बाहेर पडल्यावर काकांनी पाचशेची नोट काढून बराच वेळ पाहिली. ज्या वाड्याचं छत वितळवून रुपये पाडले, त्याचाच किल्ला आता रुपयांवर छापतात, यात त्यांना एक नोंद पूर्ण झाल्यासारखी वाटली. नावे आणि जमा. इतिहासाकडं असं पाहणं इतिहासकारांना मानवणार नाही, पण काकांचा तो विषयच नाही.

पाटणला परिस्थिती उलटी झाली. राणीची वाव अकराव्या शतकातली, राजा भीमदेवाच्या स्मरणार्थ राणी उदयमतीनं बांधलेली. सरस्वती नदीच्या गाळानं ती शतकानुशतकं बुजून राहिली, पुरातत्त्व खात्यानं १९८०च्या दशकात मोकळी केली, २०१४मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. "नवऱ्याच्या आठवणीत बायकोनं बांधलेलं," काकूंनी पायऱ्या उतरता उतरता दोनदा सांगितलं. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक, ही कुणाला ठाऊक नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. वर आल्यावर त्यांनी पटोळा विणताना बघायची इच्छा प्रकट केली. ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवून मग विणायचं, कापड दोन्ही बाजूंनी सारखं, एका साडीला कित्येक महिने. किंमत ऐकल्यावर काकांनी हातातली शंभराची नोट हळूच खिशात घातली. "बघायलाच आलोय ना आपण?" काकू म्हणाल्या. ते वाक्य काकांना अजून पुरतंय.

सगळ्यात जास्त वेळ मात्र काकांनी सांचीत काढला, आणि त्याचं कारण स्तूप नव्हे, पावत्या. स्तूपाच्या कठड्यांवर आणि फरशांवर शेकडो छोटे लेख कोरलेले आहेत. हा खांब अमक्याचं दान, ही पट्टी तमकीचं दान. त्यात भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, सावकार आहेत. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनीही आपलं काम तोरणावर नोंदवून ठेवलंय. आपल्याकडच्या देवळातल्या 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेल्या फरशीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे बघून यावं. परंपरा दोन हजार वर्षांची आहे. दक्षिण तोरणावर तर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुकादमाचं नाव आहे, आनंद. सातकर्णी म्हणजे सातवाहन, सातवाहन म्हणजे पैठण. काकांनी तिथल्या तिथं मुलाला व्हिडिओ कॉल लावला. न्यू जर्सीत रात्रीचे अडीच वाजले होते. "अरे, हे बघ, आपल्या गावचं काम निघालं!"

उरलेल्या नोटांचीही चौकशी झाली. एक रुपयाच्या नोटेवर सागर सम्राट हा तेलविहिरीचा प्लॅटफॉर्म, बॉम्बे हायवरचा, मुंबईपासून सुमारे एकशेसाठ किलोमीटर समुद्रात. "मला बोट लागते," काकूंनी ठराव फेटाळला. दोन हजारच्या नोटेवर मंगळयान होतं. २०२३मध्ये ती नोट मागं घ्यायला सुरुवात झाली तेव्हा काकांना मनापासून हायसं वाटलं. १९७८मध्ये बाद झालेल्या हजारच्या नोटेवर तंजावरचं बृहदीश्वर होतं, हे त्यांना जुन्या हेड कॅशियरनं सांगितलेलं, म्हणून तेही झालं. तिथं भिंतीवर भोसल्यांचा भलामोठा मराठी इतिहास कोरलेला बघून काकांनी बाद नोटही मनातल्या मनात चलनात घेतली.

सोसायटीत आता त्यांचं दर प्रवासानंतर व्याख्यान असतं. लोक नळाच्या वेळेचं निमित्त काढून निसटतात, हे खरं. पण त्याच सोसायटीतली युरोपला जाऊन आलेली चार कुटुंबं आपण कुठला राजवाडा पाहिला हे फोनमधले फोटो चाळून सांगतात, आणि काका चाकाचे आरे तोंडपाठ सांगतात. थट्टा कुणाची करायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

एक नोट मात्र अजून राहिली आहे. वीसची. वेरूळ. पुण्याहून पाच-सहा तासांवर. "ते काय, घरचंच आहे, कधीही होईल," असं म्हणत काकांनी ते इतकी वर्षं मागं ठेवलं. कृष्णराज राष्ट्रकूटाच्या काळात आठव्या शतकात अख्खा डोंगर वरून खाली कोरत उतरवलेलं कैलास लेणं, ज्यासाठी जगभरातून लोक येतात, ते या माणसानं पाहिलेलं नाही. शेवटी भाचीचं लग्न छत्रपती संभाजीनगरला ठरलं. मुहूर्त सोमवारचा. मंगळवारी व्याह्यांनी मोठ्या प्रेमानं गाडी सांगून सगळ्या वऱ्हाडाला वेरूळला पाठवलं. काकांना देशातल्या प्रत्येक स्मारकाचा सुट्टीचा वार पाठ. पण व्याह्यांची गाडी, नाही कसं म्हणायचं? घृष्णेश्वराचं दर्शन झालं, वाटेत बिबी का मकबरा झाला, पाणचक्की झाली. लेण्यांचं फाटक बंद होतं.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे आणि पाहुणे मराठवाड्यातले आहेत, त्यांनी भटजींना आधीच सांगून ठेवावं: वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. मुहूर्त त्या हिशेबानं काढावा.