मुक्तहस्त संभाषण

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन वाहन चालविताना हातात धरून वापरलेला फोन गुन्ह्याच्या सदरात दाखल झाला खरा. परंतु कसूर हाताची ठरल्यामुळे, तोच फोन ब्लूटूथने मोटारीच्या स्पीकरांशी जोडून, खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या रांगेतून वाट काढीत, कन्येच्या विवाहाची वाटाघाट करणाऱ्या गृहस्थाचे चित्त कोठे आहे, याची चौकशी करण्याचे त्या कलमास प्रयोजन उरले नाही.

यंत्र मात्र मोठे इमानी! दारातली मोटार सुरू होताच, जुनी ओळख स्मरून, दहाएक मीटरांच्या टापूतल्या फोनशी ते आपण होऊन सख्य जुळविते, मग स्वयंपाकघरात बहिणीशी बोलत असलेल्या गृहिणीच्या कानी निःशब्दता येते, आणि स्टेशनावर निघालेल्या, मागच्या आसनावर स्थानापन्न झालेल्या मामासाहेबांच्या कानी, चारही स्पीकरांतून, “गेले का गं एकदाचे?” हा पलीकडचा पृच्छास्वर खणखणीतपणे येतो. (एरवी मामासाहेबांना कमी ऐकू येते.) यजमानांना कळ सापडेपर्यंत त्यांच्या मुक्कामातील चहाचा हिशेबही जाहीर झालेला असतो.

तरी पाहुण्यांस मोटारीत बसविण्यापूर्वी घरातील सर्व फोनांचे ब्लूटूथ बंद करावे, ही वाचकांस विनंती.