बद्द वाजणारी फरशी: विकासकांस अनावृत पत्र

प्रिय विकासक साहेब,



परवाचा ताबासोहळा फारच देखणा झाला. झेंडूची तोरणं, थर्माकोलची हातभर लांब किल्ली, फोटोग्राफर, पेढे. आम्ही मुलीकडचे, त्यामुळे लेकीच्या लग्नातही आमच्या वाट्याला एवढा मान आला नव्हता. एक बारीकशी गोष्ट तेवढी राहिली. घर बघायची.

त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही प्रत्येक कुटुंबाला वीस मिनिटं आखून दिली होती. त्यातली बारा किल्लीसोबत फोटो काढण्यात गेली, उरलेली सह्यांत. ‘सदनिका प्रत्यक्ष पाहिली, तपासली, कसलीही तक्रार नाही’ असं आम्ही तळमजल्यावरच्या मांडवात बसून लिहून दिलं. सदनिका सातव्या मजल्यावर आहे. इतक्या लांबून समाधान पावणारं गिऱ्हाईक हल्ली मिळत नाही, तेव्हा आमची कदर असू द्या.

सोहळा आटोपल्यावर वर गेलो, तेव्हा आई बरोबर होती. माठ असो की नारळ, ती वाजवल्याशिवाय घेत नाही. तिने कनवटीचं रुपयाचं नाणं काढलं, हॉलमध्ये फतकल मारली आणि एकेक फरशी वाजवत सरकू लागली. खण, खण, खण, बद्द. पुन्हा खण, खण, बद्द, बद्द. बद्द वाजली की खडूने फुली. दाराशी पोचेपर्यंत चौदा फुल्या झाल्या. तुमचा साइट इंजिनिअर अदबीने म्हणाला, “आजी, खाली माल थोडा कमी पडलाय, पण चालताना कळतसुद्धा नाही.” आई म्हणाली, “गळका माठही पाणी भरेपर्यंत कळत नाही, बाळा.”

मग मी बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे ढुंकूनही न बघता उंबरा ओलांडून थेट बेडरूममध्ये शिरलं. गृहप्रवेशाचा पहिला मान त्याचा. विजेचे पॉइंट मोबाइलच्या चार्जरने तपासले. सहा मुके निघाले. खिडक्यांविषयी पावसाळ्यात लिहीन.

माझा भाचा वकील आहे. तो म्हणाला, मामा, एवढी घाई का केलीस? भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून ताबा घ्यायला कायद्याने दोन महिने दिलेत, मुहूर्तावरच सही करायला कोणी सांगितलं होतं? त्याला काय सांगणार? शेवटचा हप्ता, क्लब हाउसचे पैसे आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स तुम्ही आठवडाभर आधीच भरून घेतला होता. पैसे तुमच्या खात्यात आणि किल्ली तुमच्या खिशात असली की माणूस जे पुढे येईल त्यावर सही करतो.

पण भाच्याने आणखी एक सांगितलं आणि तुमच्याविषयीचा गैरसमज दूर झाला. 2016 च्या रेरा कायद्यातलं 14(3) हे कलम म्हणे असं आहे की, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि आम्ही तो कळवला, तर तो तुम्ही तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे या चौदा फरशा तुम्ही मुद्दाम पोकळ ठेवल्या असणार. व्यवहार संपला की लोक ओळख विसरतात. आपलं येणं-जाणं निदान पाच वर्षं तरी राहावं, ही तुमची माया. ती वाया जाऊ नये म्हणून सगळ्याचे तारखेसह फोटो काढून यादी स्पीड पोस्टाने पाठवली आहे. तीस दिवस मोजायला आईने कालनिर्णयवर खूण केली आहे.

काल तुमच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला होता. पुढच्या फेजच्या जाहिरातीसाठी आमच्या हॉलचा फोटो हवा आहे, तेवढ्या फुल्या पुसाल का, म्हणून. आईला विचारलं. ती नाही म्हणाली. गवंडी आला की त्याला शोधत बसावं लागू नये.

आपला,
सातव्या मजल्यावरचा समाधानी ग्राहक

ता. क. पेढे पोचले. डब्यावर अर्धा किलो लिहिलं आहे. आईने तो हातात तोलून बघितला आणि वाण्याकडे वजनाला पाठवला आहे.