बेडूकराव हलेनात!

घ्या! आता बेडूकसुद्धा लाजायला लागला.

पावसाळ्यात रात्रभर डरांव डरांव करून गावाची झोप उडवणारी ही जात. तिला कधी कुणी अबोल म्हटलंय? पण अमेरिकेत घराघरांतल्या काचपेट्यांत जो बसलाय तो हा नव्हे. तो आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. काँगो, कॅमेरून, नायजेरियाकडच्या संथ पाण्यातला, जेमतेम दीड इंचाचा. जन्मभर पाण्यातच राहायचं आणि श्वासापुरतं वर यायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. या दीड इंचाने चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना असं काही नादाला लावलंय की विचारू नका!

घरी आणला की हा पठ्ठ्या पहिल्यांदा काय करतो? लपतो. पेटीतल्या मातीच्या कुंडीत शिरतो तो शिरतोच. इकडे मालक हवालदिल. रुसला का? एकटा पडला का? आमचं घर आवडलं नाही का? अहो, दुकानातून पिशवीत घालून आणलाय, लख्ख दिव्याखाली सोडलाय, वर सगळं खानदान काचेला नाक लावून बसलंय. तो लपेल नाही तर काय हळदीकुंकवाला बसेल? आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या की. पण नाही! काचेवर टकटक करणार, कुंडी उचलून बघणार आणि वर विचारणार, हा बुजरा का म्हणून!

बरं, बाहेर आला तरी सुख आहे का? हातपाय फाकून पाण्यावर तरंगत राहतो, ढिम्म हलत नाही. गेला, गेला म्हणून घरात आकांत होतो. कुणीतरी जड अंतःकरणाने जाळी आणतं, तर हा सुळकन तळाशी! शौकीन मंडळींनी या पडून राहण्याला नाव ठेवलंय ‘झेन पोझ’. दुपारी आपण असेच पडलो तर घरात कुणी ध्यान म्हणतं का हो?

जेवणाचा थाट तर ऐकाच. याची नजर अधू, वासावर शोधायचं. म्हणून मोठी माणसं ड्रॉपरमध्ये ब्लडवर्म घेऊन, श्वास रोखून त्याच्या नाकासमोर धरतात. तो बराच वेळ विचार करतो. मग झडप घालतो, ती शेजारच्या बेडकाच्या पायावर! तोवर मासे अळी घेऊन पसार. बिचारा उपाशी राहतो, सुस्तावतो आणि मालक म्हणतो, स्वभावच शांत आहे हो त्याचा.

आणि लाजाळू म्हणे! दिवे मालवू द्या, मग बघा. नर बारीक आवाजात अशी गुणगुण लावतो की फ्रिज बिघडला म्हणून घरचे उठतात. मादीच्या कमरेला मिठी मारली की तासन्‌तास सोडत नाही. अधूनमधून ओला बनियन डोक्यावरून ओढावा तशी अंगाची कात काढतो आणि तीच खाऊन टाकतो. शी! आपण हे बघतो तरी कशाला? बघतो मात्र शेवटपर्यंत.

मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्या आजोबांचंच घ्या. आल्या दिवशी काय म्हणाले? ‘बेडकं काय पाळता? वेड लागलंय!’ महिन्याभरात तेच रात्री बॅटरी घेऊन पेटीपुढे आणि सकाळी सूनबाईंना अहवाल, धाकटा आज जेवला नाही म्हणून.

तसं आजोबांचं चुकत नाही. पाणी २४ ते २६ अंशांच्या खाली गेलं की हा गारठून मंदावतो. नळाचं पाणी क्लोरीन न काढता ओतलंत, फिल्टरचा झोत जोराचा ठेवलात, तरी बिनसतं. अशा वेळी बेडकाच्या मनाचा ठाव घेत बसण्यापेक्षा पाणी तपासा. मात्र कुणी खाणंच सोडलं, फुगला, सारखी कात टाकू लागला, तर त्याला लाज म्हणू नका. काइट्रिड बुरशी याच वाटेने येते आणि शेजाऱ्यालाही लागते. डॉक्टर गाठा.

दुकानदाराची गंमत वेगळीच. ड्वार्फच्या नावाखाली क्लॉड फ्रॉग गळ्यात मारतो. पुढच्या पायांच्या बोटांत पडदा नसेल तर समजा, हा थोरला चुलतभाऊ! १९३०च्या दशकापासून गरोदरपणाच्या चाचणीसाठी डॉक्टर याच जातीची मादी वापरत. बाईची लघवी टोचली की काही तासांत ती अंडी घाली. एवढी कर्तबगारी त्याच्या घराण्यात, आणि हा तुमच्या पेटीतले मासे गिळतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आम्ही थोडेच पाळतोय? हो का? मग पाहुण्यांकडे गेल्यावर पेटीसमोरची खुर्ची कोण पकडतं? झाकण उचलून पाण्यात बोट कोण घालतं? २००९ ते २०११ दरम्यान अमेरिकेत याच पाळीव बेडकांमुळे ४२ राज्यांत २४१ जणांना साल्मोनेलाची लागण झाली. त्यांत लहान मुलंच जास्त होती. तेव्हा खुशाल बघा, पण जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवा.