सहलमंत्री काकांस अनावृत पत्र

तीर्थरूप काकांस,


मुंबई ते गोवा कौटुंबिक सहलीचा आपला तक्ता घरच्या ग्रुपवर पोचला. गाडीला हिरवा रंग, बोटीला निळा, विमानाला केशरी आणि जेवणाला लाल. लाल चौकोन सगळ्यांत बारीक आहेत हे काकूंच्या लक्षात आलं आहे, तेवढं जपून असा. घरात बोललो तर "तुला काय कळतं" एवढ्यावर विषय संपतो, म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

पेणच्या गर्दीत सडण्यापेक्षा गाडी भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीत चढवायची आणि तासाभरात मांडव्याला उतरायचं, ही युक्ती बिनतोड. पण आपण तिथे थांबला नाहीत. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कुठल्याच नदीला आपल्याला वगळलं असं वाटायला नको!

दर खाडीला आपण पंधरा मिनिटं दिली आहेत. बोट तेवढ्यात पलीकडे जाते, त्याबद्दल वाद नाही. पण मे महिन्यात बोटीच्या अलीकडे गाड्यांची रांग असते आणि तिला आपल्या तक्त्यात रंगच नाही. रांग लागली की माणसं उतरतात. उतरली की चहा. चहा झाला की आत्या 'आलेच हं' म्हणून जातात, आणि नेमकी त्याच वेळी बोट लागते. आपल्यासाठी ती थांबत नाही. मागचा जीपवाला पुढे घुसतो. बोटीत गाडी उलटी घ्यावी लागली तर बाहेर उभं राहून "घे, घे, अजून घे" ओरडण्याचं काम आपण स्वतःकडे ठेवलंय. स्टिअरिंगवर कोण, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटलेली नाही.

मालवण, वेंगुर्ला मी सोडून देतो. तिथे आपण निदान मुक्काम आणि मासे दिले आहेत. पण तेरेखोल! किल्ला नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावर असूनही गोव्याचा, त्यामुळे आत्यांना 'पोचलो गोव्याला' हे स्टेटस एक नदी आधीच टाकता येईल. तिथून केरीची बोट पावणेदहाला, असं आपण लिहिलंय. पाणी फार उतरलं की ती बोट बंद असते. आपण ओहोटीलाही ग्रुपवर घेतलं असेल तर प्रश्नच मिटला.

मग मोप्याहून विमान. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी माणशी पंधरा किलो सामान. आपल्या माणसांनी तोवर आगळाच्या बाटल्या, सुके बोंबील आणि एक अख्खा फणस घेतलेला असेल. काकूंना सुकं खोबरंही हवंय. ते विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो. हे काकूंना काउंटरवर समजावण्याचा मान कुटुंबप्रमुखाचा.

आता खरा मुद्दा. केशरी चौकोनात सगळे मुंबईत उतरतात. हिरवी रेघ मात्र मोप्याच्या पार्किंगमध्ये संपते. गाडी परत कशी येणार? बरंच शोधल्यावर शेवटच्या पानावर, मुंग्यांएवढ्या अक्षरात उत्तर सापडलं: 'गाडी पुतण्या आणेल.'

म्हणजे आपण तासाभरात घरी जाऊन आंघोळ करून झोपणार आणि मी पाचशेहून जास्त किलोमीटर एकटा, त्याच मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि ज्याच्यावरचे 'काम चालू आहे' हे फलक आता ओळखीचे झालेत. सोबतीला फणस.

तेव्हा विनंती अशी. एक तर विमान रद्द करा आणि जसे जाऊ तसे सगळेच गाडीने परत येऊ. रात्री चिपळूणला मुक्काम, लाल चौकोन जरा मोठे. नाही तर मोप्याहून माझं तिकीट काढा आणि गाडी आपण आणा. तिकिटं रोज महागतायत, म्हणून रविवारपर्यंत कळवावं. तोवर गाडीची किल्ली माझ्याकडेच राहील.

आपला आज्ञाधारक,
पुतण्या