क्रिकेटचे पाचट
आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला ‘सहयोगी सदस्य’, म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेल्या देशांत खेळ रुजवण्याचा मोठा ध्यास असल्याने, 2024 च्या टी-20 विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळ 34,000 आसनांचे मैदान उभे राहिले, ‘ड्रॉप-इन’, म्हणजे अन्यत्र साच्यात वाढवून जागेवर बसवल्या जाणाऱ्या खेळपट्ट्या फ्लोरिडाहून ट्रकांतून आल्या आणि सामने आटोपताच सज्जे उतरवले गेले. हंगाम संपताच पाचटाच्या कोप्या मोडून गावाकडे निघणाऱ्या बीडच्या ऊसतोड कामगारांना ही रुजवणूक नवी वाटू नये. त्याच वर्षी बीडच्या सचिन धसने 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा काढल्या. तथापि बीड हे पूर्ण सदस्य असलेल्या देशात मोडत असल्याने, तेथे क्रिकेट केव्हाच रुजले आहे, असे कागदोपत्री गृहीत धरले जाते.